वहीतला हात

वही आगगाडीने आली, हे ऐकलं आणि मला आधी रागच आला.

आमची जुनी शेजारीण चांगुणाबाय, तिची सून दारात उभी राहून सांगत होती, "तुमचा भाट आयलाय गो. गारीन आयलाय. हमालाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी हाय, केवरी मोठी!" मी आईला पेज भरवत होते. आम्ही आईला माय म्हणतो. तिला आता अजिबात दिसत नाही, आणि ती जेवत नाही म्हणूनच मी ठाण्याहून कल्याणला येऊन राहिले होते. भाट हा शब्द कानावर पडल्याबरोबर तिने माझा हात बाजूला केला.

"कशाने आला म्हणाली?"

"गाडीने."

मायने तोंड भिंतीकडे वळवलं. पेज तशीच वाटीत राहिली.

हे नवख्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. आम्ही गुर्जर. तापीच्या काठी, खानदेशात, आमचे भाऊबंद आहेत. पण ते काही मूळचे तिथले नव्हेत, आणि आम्ही तर कल्याणचे मुळीच नाही. आमच्या कुळाचं मूळ कोणाच्या घरात नाही, जमिनीतही नाही. ते भाटाच्या वहीत आहे. दहा-बारा वर्षांनी भाट येतो, लाल फडक्यात बांधलेली वही सोडतो, पहिल्या पुरुषापासून वाचत वाचत तुमच्या उंबऱ्यापर्यंत येतो. मधल्या काळात जे मुलगे झाले त्यांची नावं चढवतो, गोडाचं जेवतो आणि पुढच्या घरी जातो. ही वही कधी चाकावर चढत नसे. ती तट्टाच्या पाठीवर आणि भाट तट्टाच्या बाजूने पायी, असा नियम. त्या नियमापायी आमच्या घरात जे घडलं ते मी सातव्या वर्षापासून आजपर्यंत वागवते आहे. आणि आता त्याच भाटाचा मुलगा तीच वही पेटीत घालून, तिकीट काढून, आरामात बसून येतो! मला वाटलं, जावं आणि त्याचं मानगूट धरून विचारावं, बाबा रे, तुला बसता आलं, मग तुझ्या बापाच्या पायाला काय झालं होतं?

आमचं जुनं घर गवताच्या वखारीला लागून होतं. वखार आता नाही. तिथे कौलं रचून ठेवलेली असतात. पण काल तिकडून आले तर नाकाला तोच वास आला, खरा की भासाचा देव जाणे. दसरा झाला की टिटवाळ्याकडून, मुरबाडकडून गवताच्या गाड्या यायला लागत. गाडी दिसायची नाही, बैलांची शिंगं तेवढी दिसायची आणि वर गवताचा डोंगर हलत यायचा. पहिले आठ दिवस वास ओला, हिरवा. मग गूळ लागावा तसा करपट-गोड. संक्रांतीपर्यंत नुसती धूळ उरे, आणि ती धूळ आमच्या भाकरीत, अंथरुणात, केसांत सगळीकडे असायची. नाना, म्हणजे माझे वडील, त्या वखारीवर मुकादम होते. लाकडी दाबात गवत दाबून, दोर आवळून त्याचे गठ्ठे करायचे आणि बंदरावर पडावात भरून मुंबईच्या घोड्यांसाठी पाठवायचे, हे काम. दाब खाली येताना जो करकर आवाज यायचा तो ऐकत मी लहानाची मोठी झाले. त्याच दोरात सापडून माझ्या उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली. भाकरी थापताना ती अजून वर राहते. सासरी पहिल्या दिवशी सगळ्या जावा त्यावरून हसल्या होत्या.

नाना खानदेश सोडून इथे का आले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "आपण आलोच कुठून कुठून, त्यात हे एक." माय मात्र कल्याणला कधी रुळली नाही. इथल्या बायका नऊवारीत, ही घागऱ्यात. पाण्यावर गेली की कुजबुज व्हायची. भाताला ती नावं ठेवायची. "ह्याने पोट भरतं, माणूस पोसत नाही," म्हणायची. आणि तिची पहिली पोरं त्याने पोसली नव्हतीच. माझ्या आधी तिला तीन मुलगे झाले. रामा, गोविंदा आणि सखा. तिघेही इथल्या तापाने गेले, कोणी दीड वर्षाचा, कोणी तीन. तिन्ही नावं ती मला न्हाऊ घालताना घ्यायची. एकेका तांब्याला एकेक नाव, आणि चौथा तांब्या माझा.

तिघे गेले याचं दुःख होतंच. पण मायला खरं जाळत होतं ते दुसरं. तिघेही भाटाच्या दोन खेपांच्या मध्ये जन्मले आणि मध्येच गेले. वहीत नावं चढली नाहीत. भाटाचा नियम कडक होता, पाहिला तोच लिहिला. मूल समोर उभं पाहिजे, भाटाने डोळ्यांनी बघितलं पाहिजे आणि त्या मुलाच्या हाताला हळद लावून नावाशेजारी ठसा घेतला पाहिजे. सांगोवांगी नाव चालायचं नाही. आणि आमच्यात समजूत अशी की वर गेलेले पूर्वज वही ऐकून आपली माणसं ओळखतात. ज्याचं नाव वाचलं गेलं त्याला पंगतीत बोलावतात. ज्याचं नाव नाही त्याला कोणी विचारत नाही. माय घास हातात घेऊन थांबायची आणि म्हणायची, "तिघं दारात बसले असतील गं. त्यांना पान कोण मांडणार?" मग नाना जेवण अर्धं टाकून उठून जायचे.

माझ्या पाठीवर नाथू झाला. तो जगावा म्हणून जे जे करतात ते सगळं केलं. पाचवीच्या दिवशीच उजवी नाकपुडी टोचून त्यात चांदीची बाळी घातली. मुलींची डावी टोचतात, तिघं गेल्यावर आलेल्या मुलाची उजवी. म्हणजे मरण फसतं, आणि आपल्या माणसांना मात्र खूण राहते. नाव नाथू. अंगात घागरी, म्हणजे छोटा घागरा, माझीच लहान झालेली. आणि नवस असा की वहीत नाव चढेपर्यंत जावळ काढायचं नाही. पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याची वेणी माझ्यापेक्षा लांब होती.

तो लबाड होता. सोयीचं असेल तेव्हा मुलगी व्हायचा. पाण्यावर निघाले की घागरी सावरत मागे यायचा, "जिजी, मी पण मुलगी ना? मला पण ने." आणि घागर उचलायची वेळ आली की, "मी मुलगा आहे, मी नाही उचलत." गवताच्या गंजीवरून घसरायचं, शिंका द्यायच्या, पुन्हा चढायचं. काडी मोडून तिचा आतला गाभा चोखायचा. तो गोड लागतो, हे मला त्यानेच दाखवलं. अजून गवताची गाडी गेली तर मी एक काडी ओढून घेते. चाळिशीच्या बाईला शोभत नाही, पण घेते.

त्या वर्षी दिवाळीनंतर निरोप आला, भाट निघाला. गाडीवानांच्या तोंडून बातम्या यायच्या. इगतपुरीला दिसला. घाट उतरला. कसाऱ्याला आहे. मायने घर सारवलं, नवं घोंगडं काढलं, लापशीसाठी गहू दळून ठेवला. रोज गव्हात बोट फिरवून बघायची, किडे तर पडले नाहीत ना. मी तिला एवढी आनंदात आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. भाट शहापूरला आल्याचं कळलं, त्या दिवशी दुपारी नाथू गंजीवरून खाली उतरेना. नानांनी उचलून आणला तर अंग तव्यासारखं तापलेलं.

तिसऱ्या दिवशी तो बोलायचा थांबला. चांगुणाबाय मिठागरातल्या कामावरून येता येता पदराला मीठ बांधून आणायची, पाण्यात विरघळवून पट्ट्या ठेवायची. "आपल्या खारीचा मीठ हाय, ताप वढून घेल. तू रडू नको गो, पोर्‍या बगतंय," म्हणायची. माय रडत नव्हतीच. ती एकच विचारत होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, "भाट कुठवर आला?"

तो टिटवाळ्याच्या तळ्याकाठी मुक्कामाला आहे, असं संध्याकाळी कळलं. नाना तसेच निघाले. तिथे काय झालं हे त्यांनी मला पुढे एकदाच, माझं लग्न ठरलं तेव्हा सांगितलं. त्यांनी भाटाच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाले, "भाटबाबा, सकाळची गाडी आहे. बसलो की लगेच कल्याण. पोरगा राहत नाही." भाट म्हातारा होता, पण वाईट नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी म्हणाला, "यजमान, वही गाडीत बसत नाही. तुमचे वाडवडील भिनमाळहून चालत आले. त्यांची नावं घेऊन मीही चालतच जातो. वाट सोडून उडी मारली तर ते मागे राहतील, आणि मी कोणाचं वाचू?" नाना म्हणाले, "मग मी वही डोक्यावर घेऊन पळतो." तेही चालेना, वहीला भाटाशिवाय हात लावायचा नाही. पहाटे भाट, तट्टू आणि माझे वडील असे निघाले. शहाडला नदीच्या उतारावर आले तर होडी पलीकडे होती. ती यायची वाट बघत बराच वेळ काठावर उभे राहिले. पुलावरून सकाळची गाडी गेली, ती नानांनी तिथे उभं राहून बघितली.

नाथू त्याच सुमाराला गेला.

मला आठवतं ते असं. उन्हाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात गवताची धूळ तरंगत होती. नाथूचं डोकं मायच्या मांडीवर होतं. चांगुणाबाय वाकून त्याच्या नाकाशी हात धरून बसली, मग तिने हात काढून घेतला. मी वाट बघत होते की माय आता ओरडेल. तिन्ही वेळा ती कशी ओरडली होती ते शेजारणी सांगायच्या. पण तिने हूं की चूं केलं नाही. नाथूची बाळी काढली, अलगद, दुखेल म्हणून जपून काढावी तशी. त्याच्या अंगातली घागरी काढली. त्याला आतल्या खोलीत नेऊन निजवलं, वर गोधडी घातली आणि मला हाक मारली.

"इकडे ये. नाथूची घागरी घाल."

मला ती आखूड झाली. तिने नेफा खाली ओढून बांधला. माझ्या केसांचा नाथूसारखा पेड घातला. माझी डावी नाकपुडी टोचलेली होती, तिच्यात ती बाळी घातली. चांगुणाबाय म्हणाली, "काय करतंस गो बाय, वेड लागला का तुला?" माय तिला म्हणाली, "तू आत त्याच्यापाशी बस. दार लाव. मी सांगेपर्यंत रडायचं नाही. तुझ्या लेकरांची शपथ आहे तुला." चांगुणाबाय आत गेली. दार लागलं. आणि माय माझ्यापुढे बसून म्हणाली, "तू नाथू. वय पाच. काही विचारलं तर लाजायचं. तीन गेले ते गेले, हा उपाशी नको राहायला. कळलं?"

कळलं नव्हतं. भीती तेवढी कळली. घागरीला त्याच्या तापाचा वास येत होता.

दुपारी ते आले. नाना आधी आत आले, धापा टाकत, आणि मला बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. घागरी बघितली त्यांनी, बाळी बघितली. नाथू उठून उभा राहिलाय, असंच त्यांना वाटलं. दोन पावलं ते माझ्याकडे आले. मग ओळखलं. माझ्या मागे बंद दार होतं, त्याच्याकडे बघितलं, मायकडे बघितलं, आणि भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसले. भाट उंबऱ्यात होता. काही बोलायची सोय नव्हती. माझ्या वडिलांचा तो उजळलेला चेहरा मी अजून विसरले नाही. तो मी उजळला आणि मीच विझवला, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

घोंगडं घातलं. तांदळाची रास, त्यावर वही. भाट वाचायला लागला. आवाज खोल होता, पाण्याच्या रांजणात बोलल्यासारखा. भिनमाळ सुटलं. सात भाऊ निघाले. पाणी नव्हतं म्हणून निघाले. एक अबूच्या पायथ्याला राहिला. घोडे विकले, गुरं घेतली. गुजरातेत दोन पिढ्या. तेही सुटलं. माळव्यात विहीर खणली, पाणी गोड लागलं, तरी सुटलं. नर्मदा ओलांडताना चौघं उरले होते. तापी दिसली. मग बाप, बापाचा मुलगा, त्याचा मुलगा, नावामागून नाव, प्रत्येक नावाशेजारी हाताचा पिवळा, फिकट ठसा. आमच्या कुळाचा इतिहास म्हणजे सोडलेल्या गावांची यादी आहे, दुसरं काही नाही. सात भाऊ होते. त्यांना बहीण होती की नव्हती, हे वही सांगत नाही.

मग नानांचं नाव आलं. त्यांचा लहानपणीचा ठसा. भाटाने वर बघितलं. "पुढे?"

माय पदराआडून म्हणाली, "मुलगा, नाथू. नवसाचा आहे, म्हणून असा ठेवलाय."

"आणि मुलगी होती ना एक? निरोपात होतं."

"ती मामाकडे गेलीय."

मी तिथेच उभी होते आणि मी मामाकडे गेले होते. भाटाने मला जवळ बोलावलं. माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि बराच वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिला. त्याच्या बोटांना तट्टाचा वास येत होता. मग त्याची नजर मागे चुलीकडे गेली. चूल सकाळपासून पेटलेली नव्हती. घरात मढं असताना आमच्यात चूल पेटवत नाहीत. त्याने माझी हनुवटी सोडली. बोरूने शाई घेतली आणि लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "नाथू." माझ्या हाताला हळद लावली आणि नावाशेजारी दाबला. कागद थंड होता.

माय म्हणाली, "भाटबाबा, लापशी करते, जेवून..."

"आज उपास आहे माझा," भाट म्हणाला. वही वाचल्यावर जेवल्याशिवाय भाट उठत नाही, हाही नियमच. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. वही बांधली, नानांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि गेला. तट्टाच्या गळ्यातली घंटी वखारीच्या वळणापर्यंत ऐकू आली. ती थांबली आणि मग माय ओरडली.

त्यानंतर भाट पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. दहा वर्षं झाली, वीस झाली. आधी माय त्याची वाट बघायची, मग त्याच्या येण्याला भ्यायला लागली. नाथूबद्दल घरात कोणी बोलत नसे. गेला, असंही म्हणत नसे. गेला म्हटलं तर कधी गेला ते म्हणावं लागलं असतं. माझ्याकडे बघताना मायची नजर माझ्या नाकापाशी अडायची आणि खाली जायची. मी तिला दोष दिला, खूप दिला. सासरी निघताना मी रडलेसुद्धा नाही. माझं मला वाटायचं, ह्या घरातून मी आधीच एकदा गेलेली आहे.

तर असा तो भाटाचा मुलगा परवा आमच्या दारात आला. देवकरण त्याचं नाव. माझ्याच वयाचा असेल, चष्मा लावलेला. राग ओठांवर होताच. मी बसायलाही सांगितलं नाही. म्हटलं, "वही गाडीत बसते म्हणायची आता."

त्याने पेटी खाली ठेवली. "बाबांनीच सांगितलं," तो म्हणाला. "आयुष्यभर ते पायी फिरले. जाताना मला म्हणाले, यापुढे वही गाडीने ने. मी कारण विचारलं. म्हणाले, कल्याणच्या घरी बाळी डावीकडे होती आणि चूल थंड होती. एवढंच. तिथे जाशील तेव्हा तू होऊन काही विचारू नकोस. त्यांनी सांगितलं तर लिही."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी तिथेच खाली बसले. एवढी वर्षं आम्ही तिघांनी जे दाबून धरलं होतं, ते त्या म्हाताऱ्याला पहिल्या क्षणीच कळलं होतं. आणि तो ते घेऊन पायी फिरत राहिला होता.

देवकरणने घोंगड्यावर वही मांडली आणि वाचली. तीच गावं, तीच नदी. मायचे ओठ बरोबर हलत होते. नानांचं नाव आलं. नाना गेल्याचं मी सांगितलं, त्याने लिहिलं. मग, "नाथू." आणि तो थांबला. पुढे काय, ते त्याने विचारलं नाही. बोरू हातात धरून बसून राहिला.

मी वाकून बघितलं. नावाशेजारी हात होता, हळद विटून मातकट झालेली. चार बोटं सरळ, आणि करंगळी बाहेर वाकलेली. मी पुढे होऊन म्हणणार होते की जागा तशीच ठेवा, काही लिहू नका, माय आहे तोवर तरी नको. पण माय बोलली.

"तो त्या दिवशी सकाळीच गेला होता," माय म्हणाली. "तुझा बाप आला तेव्हा तो आत होता. मी हिला उभी केली. आता मला जायचंय. तिकडे जाऊन खोटं कसं सांगू? लिही खरं."

मला कळत होतं ती काय करून बसली. नियमाने नाव खोडायला हवं होतं. मी देवकरणचा हात धरला, परपुरुषाचा हात, आणि म्हटलं, "खोडू नका. हात माझा असला तरी नाव त्याचं आहे. त्याला तिथून उठवू नका, मी पाया पडते."

"मी खोडणारा कोण?" देवकरण हळूच म्हणाला. "बाबांनी बघून लिहिलंय. काय बघितलं ते त्यांना ठाऊक होतं." आणि त्याने नाथूपुढे लिहिलं, बालपणी गेला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

मायने चाचपत हात पुढे केला. मी तो धरून ठशावर ठेवला. तिने बोटं मोजली, करंगळीशी थांबली, मग माझा हात घेऊन माझी करंगळी चाचपली. बराच वेळ दोन्ही करंगळ्या तिच्या हाताखाली होत्या. तिने माझं नाव घेतलं. एवढंच.

मग तिने तोंड देवकरणकडे वळवलं. "आणखी तिघं आहेत. रामा, गोविंदा, सखा. त्यांना लिही."

देवकरणने मान खाली घातली. "माई, त्यांना कोणी पाहिलं नाही."

"मी पाहिलंय," माय म्हणाली. "मी पाहिलेलं चालत नाही?"

देवकरणने वही मिटली, लाल फडकं बांधलं, पेटीत ठेवली. त्याला आता निघायची घाई होईल, असं मला वाटलं. पण तो हात धुऊन आला आणि म्हणाला, "माई, मी आज जेवून जाणार आहे. बाबांचं राहिलं होतं."

मी चूल पेटवली. लापशी केली. केळीची पानं आणून एक पान मांडायला गेले तर माय भिंतीशी बसल्या बसल्या म्हणाली, "चार मांड."

मी चार पानं मांडली. चारही पानांवर लापशी वाढली, तूप वाढलं. देवकरण पहिल्या पानावर बसला होता. शेजारी तीन पानं रिकाम्या जागेपुढे होती. चौथ्या पानावर तूप पडेपर्यंत त्याने आपल्या पानाला हात लावला नाही.